एकशे बारा तंबोरे

दस्तगीरचाचांनी फोन पांढऱ्या रुमालात गुंडाळून आणला होता. काउंटरवर त्यांनी रुमालाची एकेक घडी उलगडली, पण फोन काही माझ्या हातात द्यायला तयार होईनात. दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवून ते तसेच उभे राहिले.

"कालपर्यंत बरा होता," ते म्हणाले. "अपडेट करा, अपडेट करा म्हणून आठ दिवस मागं लागला होता. काल केलं. तेव्हापासून हा असा."

मी हात पुढं केला तेव्हा कुठं त्यांनी तो सोडला. मी बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलं, त्याच्याखाली एक गोल गरगर फिरला, मग सगळं काळं झालं आणि जरा वेळानं पुन्हा तेच नाव. स्वतःचं नाव सांगायचं आणि गप्प व्हायचं, एवढंच त्याला येत होतं.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रावसाहेब मगदूमांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथं कामाला होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायची. सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा, चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा भाग कसा धरायचा, श्वास कुठं रोखायचा, हे सगळं त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. त्या रस्त्यावर तेव्हा सोळा-सतरा दुकानं असतील. दुरुस्तीच्या टेबलावर बसणारी बाई मी एकटी. गिऱ्हाईक यायचं, माझ्या डोक्यावरून मागं बघायचं आणि कारागीर कुठं गेलेत म्हणून विचारायचं. घरी वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर डीएडचा फॉर्म भरायचा.

चाचांनी मागं बघितलं नाही. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. तर्जनीवर चटक्याचा जुना डाग होता, तो बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण ते म्हणाले, "तूच बघणार ना?"

"मीच," मी म्हटलं.

"बरं झालं."

त्यांना मी नावानं ओळखत होते. मिरजेत तंबोरे बनवणारी घरं पुष्कळ, पण जवारी काढावी तर दस्तगीरचाचांनी, असं लोक म्हणायचे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं घासत घासत असा आणायचा की तार त्याला जेमतेम शिवली पाहिजे. केसभर जास्त घासलं तर आवाज मुका होतो, कमी पडलं तर करकरतो. बरोबर जमलं की एकाच तारेतून दहा तारांचा झंकार उठतो. ह्या कामाला माप नाही, मशीन नाही. कान हेच माप.

कंपनीच्या माणसांकडं ते आधी जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं होतं की फोन चालू होईल, पण आतलं सगळं पुसून. म्हणून तिथून तो तसाच उचलून ते आमच्याकडं आले होते.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"तंबोरे आहेत," ते म्हणाले. "एकशे बारा."

मला वाटलं फोटो असतील. मी हसून म्हटलं, "काही जाणार नाही चाचा. मी आहे ना." हे वाक्य त्यानंतर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही.

दादा त्या दिवशी सामान आणायला कोल्हापूरला गेले होते. मी त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, चार्जिंगला लाव आणि हात लावू नकोस, मी आल्यावर कंप्युटरला जोडून आपण दोघं बघू. मी बरं म्हटलं. दुपार झाली. डबा खाल्ला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, गिऱ्हाईक नव्हतं आणि तो फोन समोर पडून आपलं नाव सांगत होता. मला वाटलं, दादा यायच्या आत चालू करून ठेवावा. चाचा येतील तेव्हा सांगावं, मी एकटीनं केला.

खरं तर काम अवघड नव्हतं. दोन बटणं एकत्र दाबून धरली की फोनच्या पोटातली एक यादी उघडते. वरखाली जायला आवाजाचं बटण, निवडायला चालू-बंदचं. त्या यादीत एक ओळ असते, तिनं फक्त तात्पुरता कचरा निघतो. माणसाचं काही जात नाही. पुष्कळदा तेवढ्यानंच फोन जागा होतो. तिच्या शेजारची ओळ सगळं पुसणारी. दोन्हींपैकी कुठलीही ओळ निवडली की फोन एकच प्रश्न विचारतो, नक्की का? हो किंवा नाही.

चाचांच्या फोनचं आवाजाचं बटण झिजलेलं होतं. दाबलं की कधी एक ओळ सरकायची, कधी दोन. हे मला कळलं होतं. दोनदा ते उडी मारून गेलं आणि दोनदा मी ते परत आणलं. तिसऱ्यांदा मी बघितलं नाही. बोटांना सवय होती. निवडलं. नक्की का, त्यानं विचारलं. हो.

पडद्यावर बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. सगळं पुसलं जातंय, असं तिच्यात होतं. मी बॅटरी काढायला नख घातलं, पण ते झाकण निघणारं नव्हतंच, उघडणाऱ्या झाकणाचे फोन तोवर बंद होत आले होते. दीड मिनिट गेलं असेल. मग फोन झोकात चालू झाला. नवा कोरा. नमस्कार, भाषा निवडा, म्हणाला.

दादा चार वाजता आले. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी फोन बघितला, यादी बघितली, बटण दाबून बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. परत मिळवायचे जेवढे उपाय होते ते सगळे त्यांनी तासभर करून बघितले. हाती काही लागलं नाही. मग हात पुसत ते म्हणाले की अपडेटनंच खाल्लं असं सांगायचं, कंपनीवाले तरी दुसरं काय करणार होते? कुणाला कळणार नाही. म्हातारा माणूस, त्याच्या जिवाला उगीच दुसरा घोर कशाला? आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुझंही नाव खराब होईल, स्वप्नाली. एकदा झालं की कायमचं होतं."

नावाचं ते खोटं नव्हतं. दादा वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

पाच वाजता चाचा आले. दादांनीच त्यांना सांगितलं. मी टेबलावर मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन उघडत बसले होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, निदान मला तसं वाटलं. दोनदा मान हलवली. रुमाल पसरला, फोन मधोमध ठेवला, चारी टोकं दुमडली. मग काउंटरच्या फटीतून आत हात घालून तो माझ्या डोक्यावर ठेवला.

"तू कोशीस केलीस, पोरी. अल्ला तुला बरकत देवो."

आणि ते गेले.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. आईला वाटलं उन्हाचा त्रास. काम करताना मधूनच डोक्यावर तो हात आहे असं वाटायचं. चौथ्या दिवशी, शनिवारी, अर्धी सुट्टी मागून मी चाचांचं घर शोधत गेले.

ती गल्ली मला अजून जशीच्या तशी आठवते. दोन्ही बाजूंना उघड्या खोल्या, कुठं भोपळे टांगलेले, कुठं लाकडावर नक्षी चाललेली, पॉलिशचा उग्र वास आणि मधूनच कुणीतरी छेडलेली तार. इकडं एक वाजली की पलीकडच्या खोलीतला कारागीर मान वर करून ऐकायचा. चाचांची खोली सगळ्यांत शेवटची. ते सतरंजीवर बसून घोडी घासत होते. त्यांची मुलगी नसीम भिंतीपाशी बसून तंबोऱ्याच्या पट्टीवर नक्षी भरत होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असावी. मी कोण ते मी सांगितलं. तिनं पाणी दिलं.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. चाचांच्या समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. अपडेटनं काही खाल्लं नाही, माझ्या हातून पुसलं गेलं, बटण झिजलंय हे मला माहीत होतं, दादांनी थांब म्हटलं होतं तरी मी थांबले नाही, आणि त्या दिवशी तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तरी मी गप्प बसले. हे सगळं मी त्यांच्या गुडघ्याकडं बघत, अगदी खालच्या आवाजात बोलले.

चाचा हसले. "हां, हां," ते म्हणाले. "बरोबर आहे. चहा घेऊन जा."

मला काही कळेना. एवढं सोपं असतं का, असं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणून मी उठायलाही लागले. तेव्हा नसीमकडं लक्ष गेलं. तिच्या हातातलं काम थांबलं होतं. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग होता की कीव, ते मला सांगता येणार नाही.

"त्यांना ऐकू आलेलं नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

तिनं दाराकडं बघितलं. गल्लीत पलीकडं तीन कारागीर बसलेले होते, त्यांच्याकडं बघितलं. मग पुन्हा म्हणाली, "मोठ्यानं. नाहीतर सांगू नका."

मी पुन्हा बसले. ह्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघून, शाळेत प्रार्थनेला म्हणतात तसं मोठ्यानं, एकेक वाक्य तोडून म्हटलं. "चाचा, फोन मी पुसला! अपडेटनं नाही. मी पुसला!" पलीकडची कानस थांबली. मग तिच्या पलीकडचीही. मी सगळं सांगून पुरं केलं.

चाचांनी हातातली घोडी खाली ठेवली. मग नसीमकडं बघितलं, आणि त्या बघण्यात माझ्यापेक्षा तिच्यावरचा राग जास्त होता. कारण गल्लीला आता दोन गोष्टी कळल्या होत्या. एक माझी. दुसरी, दस्तगीरशी बोलायला ओरडावं लागतं, ही.

चहा झाल्यावर, थोडं थोडं करून, त्यांनी सांगितलं. कान जायला लागून सात वर्षं झाली होती. समोरचा तोंड वर करून बोलला तर ओठांवरून कळायचं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. सुरुवातीला फक्त बारीक आवाज जायचे, आणि जवारी म्हणजे तर बारीक आवाजच. म्हणून प्रत्येक तंबोरा घराबाहेर पडण्याआधी ते फोनवर त्याचा आवाज भरून ठेवायचे. आधी कुणाचा, कुठला ते बोलायचे, मग चारी तारा सावकाश छेडायचे. नवी घोडी घासताना कानात इअरफोन घालून, आवाज पुरता वाढवून, जुन्या चांगल्या तंबोऱ्याशी ताडून बघायचे. एकशे बारा तंबोरे म्हणजे त्यांच्या कानाच्या एकशे बारा साक्षी होत्या. त्या गेल्यावर चार दिवसांत त्यांनी एकही घोडी पुरी केली नव्हती. हातात होती ती चार दिवसांपूर्वीचीच घोडी. नुसती वरवर कानस फिरत होती.

"आता तुला कळलं," ते म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतंस, तरी मी तुझ्यावर रागावलो नसतो असं नाही. रागावलोच असतो. पण मग तुला घरापर्यंत यावं लागलं नसतं."

मग विचारलं, "रावसाहेबला ठाऊक होतं?"

"हात माझा होता, चाचा," मी मोठ्यानं म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

उपाय नसीमला सुचला. तिच्याकडं शाळेची एक वही होती. प्रत्येक तंबोरा कुणाकडं गेला, कुठल्या गावी, फोन नंबर काय, हे तिनं लिहून ठेवलं होतं. फोनमधून गेले तरी तंबोरे काही जगातून गेले नव्हते. कुठं कुठं कुणाच्या तरी घरात ते उभे होते, कापडाची गवसणी घालून. त्यांच्या मालकांनी आपापल्या फोनवर चार तारा छेडून पाठवल्या तर?

मी म्हटलं, फोन मी करते.

दादांना मी सोमवारी सांगितलं. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एक बंद पडलेला फोन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आधी बटणं तपास." तेवढंच. माझी नोकरी राहिली. चाचांकडं जवारीसाठी येणारी दोन गिऱ्हाइकं मात्र पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या घरी गेली. गल्लीतून बातमी गेलीच होती. नसीम त्याबद्दल मला कधी काही बोलली नाही.

त्यानंतरचे किती रविवार मी त्या खोलीत घालवले! नसीम वहीतलं नाव वाचायची, मी नंबर लावायची. काही नंबर बंद होते. एक गवई वारले होते. त्यांच्या सुनेनं माळ्यावरून तंबोरा काढला, धूळ पुसली आणि तारा लावता येत नाहीत म्हणून रडायला लागली. धारवाडच्या एक शिक्षिका, बेळगावचे एक डॉक्टर, इंदूरचं एक जोडपं. मी आधी माझी चूक सांगायची, मग विनंती करायची. शंभर वेळा सांगून सांगून ती चूक माझ्या तोंडात गुळगुळीत होईल असं मला वाटलं होतं. तशी ती झाली नाही. पण लोक मला वाटले होते त्यापेक्षा बरे निघाले. त्या फोनवरून मी जेवढी माणसं ऐकली तेवढी त्यानंतर कधी ऐकली नाहीत. आता सांगलीत माझं स्वतःचं दुकान आहे, तीन मुली हाताखाली आहेत, पण रविवारी दुपारी शटर ओढताना मला अजून त्या खोलीतला चहा आणि पॉलिशचा वास आठवतो.

पहिला आवाज आला तो धारवाडच्या बाईंचा. मागं कुकरची शिट्टी होती आणि एक कावळा. चाचांनी इअरफोन घातले. मी आवाज पुरता वाढवला. आम्ही दोघी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग हळूच इअरफोन काढून मांडीवर ठेवले.

"वाजतंय," ते म्हणाले. "एवढंच कळतंय की वाजतंय."

फोन वेगळा, खोली वेगळी, असं मी काहीतरी बोलले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या भरलेल्या आवाजांतही गेलं वर्षभर त्यांना फारसं काही कळत नव्हतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. आठवणीवर ऐकत होते. तंबोरा कसा वाजला होता हे मनात होतं, म्हणून तो कानात वाजायचा.

मला वाटलं, संपलं. नसीम उठून कपबशा गोळा करायला लागली. तिच्या घरात जवारी बायकांनी काढायची पद्धत नव्हती. बायका नक्षी करायच्या, पॉलिश करायच्या, गवसण्या शिवायच्या. लहानपणापासून ती त्याच खोलीत बसून होती, कानशीपासून चार हातांवर.

चाचांनी इअरफोन उचलले आणि तिच्यापुढं धरले.

"तू ऐक."

तिनं हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. पदराला हात पुसले. एकदाच ऐकलं. चाचा तिच्या ओठांकडं बघत होते, म्हणून तिनं शब्द नीट उच्चारून, मोठ्यानं सांगितलं, "पहिल्या तिन्ही तारा खुल्या आहेत, अब्बा. चौथ्या तारेचा खर्ज बसलाय. जरा दबून बोलतोय."

चाचा अजून तिच्या ओठांकडंच बघत होते. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "तेव्हाही बसलेलाच होता. बाईंच्या गाडीची वेळ झाली होती. मला ठाऊक होतं. म्हटलं, कुणाला कळणार आहे?"

बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, मुलीकडं बघत होते. बाहेर गल्लीत कुणीतरी तार लावत होतं. मग ते हाताचा टेकू घेऊन सतरंजीवरून उठले, भिंतीपाशी, नसीमच्या नक्षीच्या सामानाजवळ जाऊन बसले, आणि आपल्या रिकाम्या जागेकडं बोट करून तिला म्हणाले, "त्या बाईंना तंबोरा पाठवायला सांग. तोवर तिथं बस आणि ती घोडी पुरी कर."